फायबर होडीची मागची फळी नव्याने बांधतोय: जाडी नेमकी किती धरायची?

मढचा_किनारा · १४ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमची अठरा फुटी फायबरची होडी आहे, मढला. बाबांनी घेतलेली, आता मी आणि धाकटा भाऊ चालवतो. जवळच्या पाण्यातच जाळी टाकतो. मागे ९.९ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, लाँग शाफ्ट.

गेल्या आठवड्यात इंजिन तिरकं करून पंखा वर घेतला, तेव्हा भावाने दाखवलं की इंजिनाबरोबर मागची अख्खी फळी, म्हणजे ट्रान्सम, हलतोय. हाताने इंजिन दाबलं की फळी आत जाते, सोडलं की बाहेर येते. दोन्ही काठांना दोरी ताणून मोजलं. मधोमध ११ मिमी हलते.

मागचा इतिहास सांगतो, कारण दुखणं तिथलंच आहे. दोन वर्षांपूर्वी ट्रान्सम मऊ झाला म्हणून एकाकडून दुरुस्त करून घेतला होता. त्याने कुजलेलं लाकूड काढलंच नाही. त्यावर आतून १९ मिमीचा आणखी एक प्लाय चढवला आणि वरून मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, रेझिनमध्ये (फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवात) भिजवून मारली. इंजिन बसवायला गेलो तर ते फळीला आवळून धरणारा क्लॅम्प फळीवर शिरेना. मग त्याने ग्राइंडर घेतला, वरची कड बाहेरच्या बाजूने तासून पातळ केली आणि इंचभर खालीही उतरवली. उघडं पडलेलं लाकूड तसंच सोडलं, वर नुसता रंग. त्यावर दोन पावसाळे गेले.

काल आतून ३ मिमीच्या ड्रिलने पाच भोकं पाडली. काठाजवळच्या दोन्हींतून कोरडा, पांढरट भुसा आला. मधल्या तिन्हींतून चहाच्या चोथ्यासारखा काळा ओला लगदा. त्यातल्या एका भोकातून पाणी ठिबकत राहिलं, सकाळी खाली वाटीभर जमलं होतं.

आता सगळं काढून नवीन करायचं ठरवलंय. १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागते, त्याआधी पावसाचा थेंब पडायच्या आत काम आटपायचंय. प्रश्न एकच, पण तीन माणसांनी तीन उत्तरं दिली आहेत. सुतार म्हणतो १९ चे तीन प्लाय टाका. मित्र म्हणतो २५ चा एक पुरे. मामा म्हणतो होता तेवढाच कर. होता किती, तेच आता कुणाला ठाऊक नाही. किती धरू?

---

वेसाव्याचा_वारा · १४ एप्रिल, रात्री ११:२५

तीन प्लाय टाक बिनधास्त. समुद्राचं काम आहे, जाड असलेलं बरं. इंजिनाचा हादरा दिवसभर त्याच फळीवर असतो.

---

मॅट_आणि_रेझिन · १५ एप्रिल, सकाळी ७:१०

वेसाव्याचा_वारा, तुमची काळजी रास्त आहे, पण तीन प्लायनेच या होडीचा घात केला. आधीचा गडी वाढवत गेला, इंजिन बसेना म्हणून कापत आला, आणि कापलं तिथून पाणी शिरलं. पुन्हा तीन टाकले तर पुन्हा ग्राइंडर काढावा लागेल.

मी बावीस वर्षं फायबरचं काम करतोय, त्यातली निम्मी होड्यांवर. जाडी दोन बाजूंनी ठरते.

वरची मर्यादा इंजिन ठरवतं. क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू पूर्ण मागे घे आणि त्याच्या तोंडाची मोकळी जागा मोज. त्यातून आत-बाहेर लावायच्या पट्ट्यांची जाडी वजा कर, वर दोन-तीन मिमी हाताशी ठेव. याच्या वर जायचंच नाही.

खालची मर्यादा ताकद ठरवते. फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. २५ मिमीऐवजी ३८ मिमी लाकूड घेतलं तर तो साधारण साडेतीन पट होतो. म्हणून तुझ्या मित्राचा एक २५ चा प्लाय ९.९ ला मला कमी वाटतो, आज नाही तर दोन वर्षांनी वाकायला लागेल. तुझ्या मापाच्या होड्यांना सगळं धरून ३८ ते ५० मिमीच्या दरम्यानचा ट्रान्सम बघायला मिळतो. तुझा मूळचा त्यातच असणार.

मूळची जाडी अजून मिळू शकते. काठाजवळ कोरडा भुसा आला म्हणतोस, तिथे जुन्या गड्याचा प्लाय पोचलाय का बघ. नसेल तर ते मूळ बांधकाम आहे. तिथलं भोक आरपार कर आणि तार घालून मोज. तारेचं टोक काटकोनात वाकवून आकडा कर, बाहेरच्या पृष्ठभागाला अडकव, आत जिथे तार बाहेर येते तिथे नखाने खूण धर. हे माप आल्याशिवाय प्लाय विकत घेऊ नकोस.

---

मढचा_किनारा · १६ एप्रिल, संध्याकाळी ६:५५

मोजलं. काठाला मूळची जाडी ४६ मिमी. मधे, जिथे जुना गडी चढला होता, तिथे ६८. वरच्या कडेला त्याने तासून ५५ वर आणलीय. क्लॅम्पचं तोंड पूर्ण उघडून ५८ मिमी.

म्हणजे मूळचा बरोबर होता, आम्हीच बिघडवला. मामाला सांगितलं. तो हसला नाही, एवढंच म्हणाला, "पोरा, इंजिन फलीवर बसत नाय, सांध्यावर बसते. फली जाड करून सांधा कच्चा ठेवलास तर काय उपेग?"

---

मॅट_आणि_रेझिन · १६ एप्रिल, रात्री ९:३०

मामांना माझा नमस्कार सांग. ते म्हणतात तेच खरं आहे. पंख्याचा जोर ट्रान्सममधून होडीच्या दोन बाजूंना आणि तळाला जातो. तिथली मॅट नीट ओढलेली नसेल तर ६८ मिमीची फळीसुद्धा दारासारखी हलते.

आता हिशेब मांडू. बाजारात १९ म्हणून मिळणारा प्लाय कॅलिपर लावला की बऱ्याचदा १८ च्या जवळ निघतो, म्हणून दुकानातच मोज. १८ धरू.

बाहेरची जुनी फायबरची साल, घासून झाल्यावर: ४.५
साल आणि पहिल्या प्लायमधली चिकटाई: २
दोन प्लाय: ३६
दोन प्लायमधली एक ओली मॅट: १.५
आतली नवीन साल, तीन मॅट आणि दोन वोव्हन रोव्हिंग (काचतंतूंचं जाड विणलेलं कापड) आलटून-पालटून: ४.५ ते ५

बेरीज ४९ च्या आसपास. तुझ्या ५८ मध्ये आरामात बसतं. उरलेल्या नऊ मिमीत आत २ मिमीचा एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) पत्रा आणि बाहेर ३ मिमीची रबरी पट्टी लाव, म्हणजे स्क्रूची टोकं फायबरमध्ये रुतणार नाहीत. तरी चार मिमी शिल्लक राहतात.

चौरस मीटरला ४५० ग्रॅमची एक मॅट हाताने ओढल्यावर साधारण १ मिमी होते, ६०० चं रोव्हिंग त्याहून थोडं कमी. पण तुझा हात कसा आहे ते मला माहीत नाही. आधी पुठ्ठ्यावर प्लास्टिक टाकून वीतभर तुकडा त्याच थरांचा करून बघ आणि मोज. कुणी रेझिन जास्त ठेवतो, कुणाची साल सहा-सात मिमीची होते. अशा दोन-दोन मिमींनीच घोळ होतो.

---

खाडीपलीकडे · १७ एप्रिल, सकाळी ८:०५

प्लायच्या भानगडीत का पडता? आमच्या आजोबांच्या सगळ्या होड्या सागाच्या होत्या. ४० मिमीची सागाची फळी घाला, तीस वर्षं बघायला नको.

---

मॅट_आणि_रेझिन · १७ एप्रिल, सकाळी ८:५०

खाडीपलीकडे, सागाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण लाकडी होडीत साग मोकळा असतो. फळ्या फुगतात, आवळतात, आणि तेवढी जागा सांध्यांना असते, आत कापूस आणि चंद्रूस असतो. फायबरच्या सालीत बंद केलेली अखंड फळी रुंदीत फुगायला लागली की साल तिला जाऊ देत नाही, आणि शेवटी साल सुटते. वर सागात तेल असतं, रेझिन धरायला कुरकुर करतं. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो रुंदीत फारसा फुगत-आकसत नाही. कारण एवढंच.

प्लाय मात्र आयएस ७१० (भारतीय मानक) चा मरीन घ्यायचा, पाटीवर शिक्का बघून. त्याच्या चिकटाईची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात होते. दुकानदार "वॉटरप्रूफच आहे" म्हणत आयएस ३०३ चा पुढे सरकवतो, तो स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक आहे. कड बघ. थरांमध्ये पोकळी दिसली की पाटी परत.

---

खाडीपलीकडे · १७ एप्रिल, सकाळी ९:२०

पटलं. सालीतून फळी सुटलेली मी स्वतः पाहिली आहे, कारण आज कळलं.

---

दारूखाना_रोज · १७ एप्रिल, दुपारी १:१५

बोल्ट एसएस ३१६ चे घे. ३०४ पण चकाकतात, पण खाऱ्या पाण्यात काही महिन्यांत वायसरखाली तांबूस डाग धरतात. मुंबईत दारूखान्याच्या भंगारबाजारात जहाजांवरून उतरलेले पितळेचे ड्रेन प्लगही मिळतील, आटे तपासून घे. आणि आत ॲल्युमिनियमचा पत्रा लावू नकोस कुणी कितीही सांगितलं तरी. एसएसच्या बोल्टाशेजारी तो खाऱ्या पाण्यात पांढरी पूड होतो.

---

मढचा_किनारा · २४ एप्रिल, रात्री ९:४५

उघडलं. मॅट_आणि_रेझिन दादांशी फोनवर बोलून आतल्या बाजूने काम धरलं, बाहेरची साल ठेवली. दादा म्हणाले तीच तुझा साचा आहे, ती राहिली तर ट्रान्समचा आकार आणि उतार दोन्ही राहतील.

साल कापायच्या आधी तीन गोष्टी केल्या. होडीखाली वाळूच्या गोणी आणि लाकडी ठोकळे लावून ती समतल केली. दोन्ही बाजूंच्या वरच्या काठांमध्ये आडवी बल्ली बांधली, नाहीतर ट्रान्सम निघाल्यावर होडी उघडते म्हणे. आणि ओळंबा सोडून उताराचा पुठ्ठ्याचा साचा कापला. आमचा उतार १३ अंश आला.

मग ग्राइंडरने चारी बाजूंनी तीन इंच कड सोडून आतली साल कापली. पहारीने उचलली तेव्हा ती चटईसारखी निघाली, कशाला चिकटलेलीच नव्हती. आतलं लाकूड हाताने काढलं, खरंच हाताने. मधला भाग बोटांनी पिळला तर पाणी गळत होतं. पण काठाच्या सहा इंचांत प्लाय इतका धड होता की पटाशी आणि हातोडीने तासभर घेतला. जुन्या गड्याने चढवलेला प्लाय आणि मूळचा प्लाय यांच्यामध्ये कोरडी भेग होती. तिथे रेझिन लागलेलंच नाही.

सगळ्यात वाईट जागा इंजिनाच्या चार बोल्टांभोवती आणि ड्रेनच्या भोकाभोवती. त्या पाचही ठिकाणी काळी वर्तुळं. भोकांच्या भिंती उघड्या होत्या, कुणी कधी रेझिन लावलंच नव्हतं.

बाहेरच्या सालीवर आतून दोरी धरली. चार फुटांत ३ मिमी बाक आहे. चालेल का?

---

मॅट_आणि_रेझिन · २४ एप्रिल, रात्री १०:३०

३ मिमी चालेल, १९ चा प्लाय तेवढा खेचला जातो. दहा-बारा असता तर १२ मिमीचे तीन घ्यायला सांगितले असते, बेरीज तीच आणि वाकतात सहज.

प्लाय तळाला आणि बाजूंना टेकवू नकोस. भोवती ५-६ मिमी फट ठेव आणि ती पुट्टीने, म्हणजे पूड घालून घट्ट केलेल्या रेझिनने, भर. प्लायची धार थेट फायबरवर टेकली की नेमकी तिथे तळाला चीर जाते. मग कोपऱ्यात पुट्टीची गोलाई दे, आपला अंगठा फिरेल एवढी, कारण मॅट काटकोनात बसत नाही, मागे हवा राहते. आतली साल कोपऱ्यावरून बाजूला आणि तळाला किमान सहा इंच पुढे न्यायची. मामांचा सांधा तो हाच.

जुनी साल ३६ नंबरच्या कागदाने घास, चमक कुठेही राहता कामा नये.

---

सायनची_सुलभ · २५ एप्रिल, सकाळी ११:००

रेझिन कुठलं वापरणार? मी इपॉक्सीच सुचवेन. लाकडाला आणि जुन्या फायबरला दोन्हींना ते पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं.

---

मॅट_आणि_रेझिन · २५ एप्रिल, दुपारी १२:१०

धरण्याच्या बाबतीत इपॉक्सी सरस आहे, त्यात वाद नाही. पैसे असतील तर सगळं इपॉक्सीतच करावं, पण मग नेहमीची मॅट वापरायची नाही. मॅटचे तंतू एकत्र ठेवणारा बांधक पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट कडक राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्यावं लागतं. शिवाय इपॉक्सीवर पुढे कधी पॉलिएस्टर मारलं तर ते नीट धरत नाही. या होडीवर उद्या किनाऱ्यावरचा दुसरा कुणी हात घालणार, त्याच्या डब्यात पॉलिएस्टरच असणार. मी तिला आयसो पॉलिएस्टर सांगितलंय, प्लायला आधी स्टायरिनने थोडं पातळ केलेला एक हात पाजून. अर्धं हे अर्धं ते करू नये एवढं नक्की.

---

खारफुटी_ताई · २५ एप्रिल, दुपारी ३:४०

मी रसायनांच्या कारखान्यात सुरक्षेचं काम बघते, म्हणून राहवत नाही. मढचा_किनारा, तुला रेझिन, कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (घट्ट करणारा) असे तीन डबे मिळतील. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, आणि त्यानंतरच, वापरायच्या वेळी, हार्डनर. दोघांना मापायला एकच कप किंवा एकच सिरिंजही नको. दोन्ही बाटल्या सावलीत आणि एकमेकांपासून लांब ठेव.

हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लाव, आणि पाण्याची बादली हाताशी भरून ठेव. घासताना नुसता रुमाल बांधून भागत नाही, काचेच्या धुळीला योग्य मास्क घे. उरलेलं रेझिन डब्यात जाड थरात ठेवलं तर तापून धूर काढतं, ते पसरट ओतून वाळूवर ठेव. भाऊ मदतीला असेल तर त्यालाही हे वाचून दाखव.

---

मढचा_किनारा · २५ एप्रिल, रात्री ८:२०

ताई, वाचून दाखवलं. आम्ही एकच कप वापरणार होतो. मनापासून आभार.

---

वेसाव्याचा_वारा · २८ एप्रिल, सकाळी ७:३०

जाडीचं पटलं मला. पण उंचीचं काय? त्या गड्याने इंचभर उतरवली होती ना?

---

मॅट_आणि_रेझिन · २८ एप्रिल, सकाळी ९:००

बरं विचारलंत. आउटबोर्डची शाफ्ट १५, २० आणि २५ इंचांच्या मापात येते. याची लाँग, म्हणजे २०. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत, मधोमध, साधारण तेवढंच माप हवं. खरी खूण पंख्यावरची आडवी पत्ती. सपाट जमिनीवर होडीच्या तळाला सरळ पट्टी लावायची. पत्ती त्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली असावी. गड्याने कड उतरवल्यापासून पंखा गरजेपेक्षा खोल चालला असणार, आणि त्याने तेल जास्त जातं.

मढचा_किनारा, प्लाय कापताना वरून एक इंच जास्त ठेव. इंजिन लटकवून बघितल्यावरच शेवटची कड काप.

---

मढचा_किनारा · ९ मे, रात्री ११:०५

दोन्ही प्लाय बसले. पण एक चूक झाली आहे, सल्ला हवाय.

प्लाय रे रोडवरून आणला. कॅलिपर लावला तर १८.२. पुठ्ठ्यावरचा नमुना तुकडा ४.८ आला. पहिला प्लाय ६ तारखेला पहाटे लावला. मागून-पुढून बल्ल्या आणि आठ सी-क्लॅम्प, इंजिनाच्या जुन्या भोकांतून मेण लावलेले बोल्ट. प्लायला जागोजागी बारीक भोकं पाडली होती, आवळताना प्रत्येक भोकातून पुट्टीची अळी बाहेर आली, म्हणजे हवा राहिली नाही.

दुसरा प्लाय काल लावला, पण निघायला उशीर झाला आणि दुपारचे दोन वाजले. हार्डनर सकाळच्याच मापाने घातला. उजवा खालचा कोपरा आवळेपर्यंत रेझिन घट्ट व्हायला लागलं होतं. आज नाण्याने ठोकून बघितलं. सगळीकडे टणटण वाजतं, त्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत बद्द वाजतं. तिथे जाडीही अडीच मिमी जास्त भरतेय. प्लाय काढू का?

---

मॅट_आणि_रेझिन · १० मे, सकाळी ६:४०

काढू नकोस. तळहाताएवढंच आहे आणि इंजिनाच्या बोल्टांपासून लांब आहे. नाण्याने वाजवत पोकळीची हद्द पेन्सिलने आख. तिच्या तळाशी ५ मिमीचं एक भोक आणि वरच्या टोकाला दोन, फक्त आतल्या प्लायपुरती. आत ओल नाही ना बघ. मग साध्या रेझिनमध्ये चिमूटभर एरोसिल (दाट करायची बारीक पूड) घाल, मधापेक्षा पातळ राहील इतकंच, आणि इंजेक्शनच्या सिरिंजने खालच्या भोकातून वर दाब. वरच्या दोन्ही भोकांतून रेझिन आलं की पोकळी भरली. खालून वरच भरायचं, वरून ओतलं तर हवा अडकते.

आणि दुपारी काम नको. मे महिन्यात ३४ अंशांना पहाटेचं माप चालत नाही. अर्धा किलो रेझिनला ५ मिली हार्डनर, त्याहून जास्त नाही, आणि एका वेळी अर्ध्या किलोच्या वर कालवू नको.

अडीच मिमीचं मनावर घेऊ नकोस. क्लॅम्प बसतो त्या पट्ट्यात किती आहे ते सांग.

---

मढचा_किनारा · १० मे, रात्री ९:१५

सिरिंजने भरलं. ४० मिली गेलं, मग वरच्या डाव्या भोकातून आलं, आणखी ५ ला उजव्यातून. क्लॅम्पच्या पट्ट्यात, आतली साल धरायच्या आधी, ४४.२.

---

मॅट_आणि_रेझिन · १० मे, रात्री ९:४०

सुरेख. साल टाक. प्रत्येक मॅट लोखंडी रोलरने, पांढरा ठिपका दिसेनासा होईपर्यंत.

---

मढचा_किनारा · २९ मे, रात्री १०:१०

झालं. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी महिनाभर साथ दिलीत.

आतली साल तीन पहाटांत ओढली. कोपऱ्यावरून बाजूंना सात इंच, तळाला आठ. ट्रान्समपासून तळाच्या दोन्ही आडण्यांपर्यंत दोन तिरके आधारही बसवले, प्लायचे त्रिकोण, मॅटने गुंडाळून. आधी ते नव्हतेच. मामाने ते स्वतः कापले.

बोल्टांची आणि ड्रेनची भोकं आधी दुप्पट मोठी पाडली, पुट्टीने गच्च भरली आणि दोन दिवसांनी मधोमध हव्या त्या मापाची पुन्हा पाडली. म्हणजे बोल्ट आता लाकडाला कुठेच शिवत नाही. बाहेर वायसरखाली पॉलियुरेथेन सीलंट. वरच्या कडेवर दोन मॅट घडी घालून टोपीसारख्या ओढल्या, गेल्या वेळी पाणी तिथूनच शिरलं होतं.

जाडी: डावीकडे ४९, मधे ४९, उजवीकडे खाली ५१.५. क्लॅम्प पत्रा आणि रबरासकट बसला, कुठेही ग्राइंडर लावावा लागला नाही. स्क्रू आवळले तेव्हा भाऊ माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. दोघेही काही बोललो नाही.

उंची आता २० इंच. पत्ती तळाच्या रेषेपेक्षा अर्धा इंच खाली येते. मग तीच जुनी परीक्षा केली. काठांना दोरी ताणली, पंखा वर घेतला आणि दोघांनी मिळून इंजिन दाबलं. दोरी आणि फळीमधलं अंतर बदललेलं डोळ्यांना दिसलं नाही.

काल खाडीत अर्धा तास फिरवून आणली. आता ताडपत्री टाकून शाकारतोय. हल्लीच्या ढगांचा भरवसा नाही.

---

खारफुटी_ताई · ३० मे, सकाळी ८:००

खूप बरं वाटलं वाचून. ताडपत्रीखाली मागच्या बाजूने हवा खेळती ठेव, आणि ड्रेन प्लग काढून ठेव. शाकारलेल्या होडीत पावसाचं पाणी साचून राहतं, आणि लाकूड कुजवायला गोडं पाणी खाऱ्यापेक्षा जास्त वाईट.

---

मढचा_किनारा · ३० मे, सकाळी ८:३५

प्लग काढला ताई. होडीचं नाक वीतभर वर केलंय, पाणी मागून निघून जाईल.

---

खाडीपलीकडे · ११ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

पौर्णिमा झाली. काय म्हणते होडी?

---

मढचा_किनारा · १२ ऑगस्ट, सकाळी १०:००

नारळ वाहिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी लाटा उभ्या होत्या, तरी इंजिनाचा आवाज एकसारखा, आधी सुकाणूच्या दांड्याला जी थरथर यायची ती गेली. आल्यावर आत बॅटरी मारून ट्रान्समचे चारही कोपरे बघितले. चीर नाही, बोल्टांखाली कोरडं आहे.

---

मॅट_आणि_रेझिन · १२ ऑगस्ट, दुपारी १:३०

छान. पहिल्या महिन्यात रबर बसतं तसे बोल्ट थोडे सैल होतात. दर आठवड्याला पाना लावून बघ.

---

मढचा_किनारा · १२ ऑगस्ट, रात्री ९:५०

आत्ताच बघून आलो. डावा वरचा पाव आटा फिरला. बाकी तिघे जागचे हलले नाहीत.